सीताबाईची सोबत

५ नोव्हेंबर, मंगळवार

पोचले एकदाची. नाशिक ते नागपूर रेल्वे, तिथून भंडारा, भंडाऱ्याहून पवनीची एस.टी., आणि आसगावच्या फाट्यापासून पुढचे सात किलोमीटर प्रफुल्लच्या मोटारसायकलवर. प्रफुल्ल हा संस्थेचा इथला समन्वयक, पंचविशीतला, बोलका. मागे मी, पाठीवर बॅग, मांडीवर ड्रॉइंग पेपरची भली मोठी गुंडाळी. दोन्ही बाजूंना पिवळ्या पडलेल्या धानाच्या बांध्या आणि मधून कसाबसा रस्ता. तो म्हणाला, मॅडम, ती गुंडाळी आडवी नका धरू, नाही तर दोघं मिळून बांधीत जाऊ. मी मोठ्याने हसले. किती महिन्यांनी हसले असेन; आवाज मलाच अनोळखी वाटला.

राहायला मंगलाबाईंच्या घराची पुढची खोली आहे. त्या अंगणवाडी सेविका होत्या, आता निवृत्त. मुलगी मनाली नागपूरला नोकरीला. भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली निळ्या काचेचा दिवा, खिडकीतून थेट नदीचं, धरणामुळे फुगलेलं पाणी दिसतं. जेवायला भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी. त्यांनी विचारलं, घरी कोण कोण. मी सांगितलं, आता कोणी नाही. बाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, मे महिन्यात गेले. त्यांनी न विचारता आणखी एक पळी वरण घातलं आणि म्हणाल्या, मले मावशी म्हणत जा.

कामाबद्दल थोडक्यात लिहून ठेवते. जुलैमध्ये रोवण्याच्या दिवसांत या गावच्या पाच बाया डोंग्यातून पलीकडच्या तीरावर धान रोवायला निघाल्या होत्या. मधोमध डोंगा उलटला. चौघी वाचल्या. पाचवी, सीताबाई, सापडलीच नाही. चौघी तेव्हापासून कामाला जात नाहीत, धड जेवत नाहीत, दुपारी घरात एकट्या थांबत नाहीत. झाल्या प्रकाराबद्दल तर अवाक्षर काढत नाहीत. गोळ्या देऊन झाल्या. आता तीन महिने माझे चित्रोपचार.

गादी टणक आहे. मला आवडली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली बैठक झाली. जुन्या बालवाडीची खोली मिळाली आहे. एका भिंतीवर अजून हत्ती आणि कमळ रंगवलेलं आहे. खाली सतरंजी अंथरली, मध्ये खडूंचे डबे ठेवले.

चौघी एकदमच आल्या, एकमेकींना धरून. सत्यभामाबाई सगळ्यांत मोठी, पन्नाशीची, तिच्या नवऱ्याचाच तो डोंगा. त्या दिवशी त्याला ताप होता म्हणून वल्हं हिने घेतलं होतं. कुंताबाई आणि आनंदाबाई या जावा. कुंताबाई जाडजूड, सतत पदराने तोंड पुसते. आनंदाबाई बारकी, दाराकडे पाठ करून कधी बसत नाही. आणि रुपा, बावीस वर्षांची, कडेवर दीड वर्षाची मुलगी.

मी माझं नेहमीचं बोलले. इथे चांगलं चित्र, वाईट चित्र असं काही नाही. कोणी मार्क देणार नाही. मनात जे जड आहे ते कागदावर ठेवायचं. कागद मी सांभाळीन.

सत्यभामाबाईने विचारलं, "कागद घरी न्याल का तुमच्या?"

मी म्हटलं, हो, माझ्या खोलीत कपाटात ठेवीन, कोणाला दाखवणार नाही.

"मंग बरं," ती म्हणाली, आणि तिने खडू उचलला.

मलाही घरचं विचारलं. नवरा, लेकरं, भाऊ. एकीचं विचारून झालं की दुसरी. इथे हे विचारतातच. मी प्रत्येकीला तेच उत्तर दिलं. शेवटी ते म्हणायची सवयच झाली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज घर, झाड, माणूस. सगळ्यांना देते तोच पहिला अभ्यास.

पुण्याच्या पदविकेत आमच्या बाई बजावायच्या की चित्र म्हणजे क्ष-किरणाचा फोटो नव्हे. छोटं घर काढलं म्हणजे अमुक, काळा रंग वापरला म्हणजे तमुक, असं कोष्टक मांडून बसू नका. चित्राकडे पाहा, पण काढणाऱ्याकडे जास्त पाहा. कुठे हात थबकला, काय खोडलं, काय काढायचं टाळलं. माणूस दुःखाशी कसा तग धरून आहे ते त्यात कळतं. कोणी नको ती गोष्ट कोपऱ्यात मुंगीएवढी काढतो, म्हणजे ती दूर ठेवतो. कोणी तिच्याभोवती कुंपण घालतो. कोणी शेवटच बदलून टाकतो, मेलेल्याला उठवून बसवतो. हे सगळे जगण्याचेच मार्ग.

तरीही आजची गोष्ट नोंदवते. चौघींच्या चारही माणसांना हात नाहीत. कुंताबाईने साडीच्या नक्षीवर अर्धा तास घालवला, बांगड्या मात्र काढल्या नाहीत, कारण बांगड्या घालायला जागाच नव्हती. रुपाने खांद्यापासून दोन रेघा ओढल्या आणि बोटाने घासून पुसल्या. मी सहज विचारलं, हिचे हात कुठे गेले. रुपा म्हणाली, मले काढता येत नाई.

असहायपणा, असं मी वहीत लिहिलं. बुडणाऱ्याला वाचवता आलं नाही, म्हणून हातच नाहीत. पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

गावात मंडई होती, म्हणजे इथली दिवाळीनंतरची जत्रा. पाळणे, चिवड्याची दुकानं, सासरहून आलेल्या लेकी. मावशींबरोबर एक चक्कर मारली. सगळे मला नमस्कार करत होते आणि पुढे जाऊन आपापल्या माणसांत मिसळत होते. मी भजी घेतली आणि उभ्यानेच खाल्ली.

फोन पाहिला. आठवडाभरात तीन फोन, तिन्ही प्रफुल्लचे, कागदपत्रांबद्दल. बाबा होते तेव्हा दर तासाला हाक यायची, रुचिता, पाणी. रुचिता, कूस बदल. तेव्हा मी चिडायचे. आता दिवस दिवस माझं नाव कोणी घेत नाही. इथे मी मॅडम आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज मोठं पाऊल. मी काही सुचवलं नव्हतं, रुपानेच डोंगा काढला. मुलगी झोपली होती, ही मान खाली घालून तासभर कागदावर वाकलेली. तपकिरी डोंगा, निळं-राखाडी पाणी, डोंग्यात चार बाया दाटीवाटीने. आणि पाण्यात, डोंग्याच्या कडेशी, पाचवी. ओले केस, चेहरा कोरा. पाचवीला मात्र हात होते. लांब, नको तितके लांब, दहाही बोटं वेगळी.

मी विचारलं, ही काय करते आहे. रुपा म्हणाली, काही नाई करत, बसते फक्त. मी म्हटलं, पाण्यात? तिने मान हलवली. म्हणाली, माह्या घरी. दुपारून येते. काही मागत नाई. शेजारी बसते.

मी घाबरले नाही. शोकात माणसांना गेलेलं माणूस दिसतं, ऐकू येतं. त्यात वेगळं काही नाही. मी तिला म्हटलं, तू फार धीराचं काम केलंस. तिने कागद चारपदरी घडी करून माझ्या हातात ठेवला. दोन्ही हातांनी माझी मूठ मिटवली. तिचे हात गार पडले होते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

रुपा आली नाही. मावशी म्हणाल्या, ती कालपासून कापणीला जाऊ लागली. चार महिन्यांनी विळा हातात घेतला पोरीने, पोटभर जेवली, सासूला सांगत होती की आता बरं आहे. मला इतका आनंद झाला की मावशींना मिठीच मारली.

उरलेल्या तिघींना ही बातमी माझ्याआधीच माहीत होती. आज तिघींनीही डोंगा काढला. तशीच पाचवी, लांब हातांची. कुंताबाईने घाईघाईने काढलं आणि रंग भरायच्या आधीच कागद माझ्या पिशवीत घातला. मी म्हटलं, सावकाश, अजून वेळ आहे. ती म्हणाली, झालं माहं.

सगळ्या गेल्यावर सतरंजी गुंडाळताना एक ओला डाग दिसला. माणूस मांडी घालून बसला तर होईल तेवढा. आज तर जलरंग काढलेच नव्हते. छत पाहिलं, कोरडं होतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

कुंताबाई आणि आनंदाबाईसुद्धा कापणीला गेल्या. सत्यभामाबाई एकटीच आली, तीही अर्ध्या तासासाठी.

गाव दुपारी ओस पडतं. सगळे बांध्यांत. बालवाडीच्या खोलीत मी तिघींसाठी लावून ठेवलेले कागद परत डब्यात भरले. माझं काम जितकं चांगलं होईल तितकी ही खोली रिकामी होणार, हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. प्रफुल्ल फोनवर फार खूश होता. तीन आठवड्यांत तीन केसेस, म्हणाला.

डब्यांची झाकणं लावत होते तेव्हा मागे कोणी तरी श्वास घेतला. वळून पाहिलं. भिंतीवरचा हत्ती. खोलीत चिखलाचा वास होता, रोवण्याच्या चिखलाचा, जो आता नोव्हेंबरअखेर कुठेच नाही. जमिनीला भेगा पडल्या आहेत.

३ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहिते.

सत्यभामाबाई आली. बसली. आज तिचा हात अजिबात थबकला नाही. तिने डोंगा काढला नाही. एक खोली काढली. खिडकी, खिडकीतून पाणी, भिंतीवर चौकट, चौकटीखाली निळा ठिपका. पलंगावर चष्मा लावलेली, आखूड केसांची बाई. तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, लांब हातांची.

मी विचारलं, ही कोण. ती म्हणाली, तुमी. मी विचारलं, आणि ही. तिने खडू पुसून डब्यात जागच्या जागी ठेवले आणि ती उठली. दारात थांबून म्हणाली, मले आता कापणीले जा लागते मॅडम, उद्यापासून येणं होणार नाई. तुमचे लय उपकार आहेत आमच्यावर.

ती माझ्या खोलीत कधीच आलेली नाही.

खोलीवर आले. पलंगाची माझी बाजू कोरडी होती. दुसरी बाजू ओली होती.

५ डिसेंबर, गुरुवार

रुपाला गाठलं. ती बांधीच्या कडेला धुऱ्यावर डबा उघडून बसली होती, बाकीच्या लांब. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं की मला माझ्यासाठी विचारायचं आहे, तिच्यासाठी नाही. ती रडली नाही. सगळं सांगितलं, घास चिवडत.

डोंगा उलटला तेव्हा पाचहीजणी त्याला धरून होत्या. पालथा डोंगा पाच बायांना पेलेना, खाली जाऊ लागला. चौघींनी धरला की तरंगायचा. चौघींना लेकरं होती. सीताबाई विधवा, मागे कोणी नाही. कोणी बोललं नाही, ठरवलं नाही. सत्यभामाबाईने पहिल्यांदा तिच्या एका हाताची बोटं सोडवली. मग जावांनी दुसरा हात. सीताबाईने रुपाची ओढणी धरली, ती रुपाने सोडवली.

"ती वरडली नाई," रुपा म्हणाली. "एवढंच म्हणे, मले एकलीले सोडू नोका."

मग दुपारची ती येऊ लागली, पाळीपाळीने चौघींकडे. ज्या दिवशी रुपाने चित्र काढून माझ्या हातात दिलं त्या दिवसापासून रुपाकडे आली नाही. ते इतर तिघींनी ओळखलं. मी विचारलं, आणि मला काढायचं कोणी ठरवलं. रुपा म्हणाली, सत्यभामाकाकूनं. तिची वाट चुकू नये म्हणून.

मी विचारलं, मीच काहून. असंच विचारलं, तिच्याच भाषेत, का कोण जाणे.

रुपा माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी पण एकल्याच ना मॅडम."

वाईट हेतूने म्हणाली नाही. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मग तिने डबा झाकला आणि कापणीला गेली.

हात का नव्हते ते आता कळलं. वहीतलं ते प्रश्नचिन्ह खोडलं. असहायपणा नव्हे.

६ डिसेंबर, शुक्रवार

तिला नीट पाहिलं. दुपारी तीन वाजता. मी खुर्चीत, ती पलंगावर. हिरवं लुगडं कंबरेला खोचलेलं. वय माझ्याहून फार जास्त नसावं. माझ्याकडे पाहत नव्हती, खिडकीकडे पाहत होती. बसली होती फक्त. चार वाजता नव्हती.

मला भ्रम होतो आहे. बाबांनंतर मी रडले नाही, थांबले नाही, कामात शिरले. कोणी असं माझ्यासमोर बसून सांगितलं असतं तर मी हेच म्हटलं असतं.

पण गादी उन्हात टाकावी लागली. मावशींनी विचारलं, काय सांडलं.

७ डिसेंबर, शनिवार

भंडाऱ्याला संस्थेच्या कार्यालयात जाऊन आले. आता परत खोलीत आहे.

एस.टी. खच्चून भरलेली. मला खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारची रिकामी राहिली. माणसं दांडीला लटकत होती, तरी तिथे कोणी बसेना. एक म्हातारी बसायला वाकली, आणि तशीच मागे झाली. मी म्हटलं, बसा ना आजी. ती म्हणाली, बसली हाये ना तिथं बाई.

प्रफुल्लला सगळी चित्रं दाखवली. तो एकेक पाहत गेला, सुरुवातीच्या माणसांपासून शेवटच्यापर्यंत, आणि म्हणाला की प्रगती स्पष्ट दिसते, सहा महिने मुदत वाढवून घेऊ. माझं चित्र पाहून म्हणाला, तुमच्यावर जीव जडला त्यांचा. मी म्हटलं, मला सुट्टी हवी आहे. तो लगेच हो म्हणाला. घरी जाऊन या, म्हणाला.

घर. नाशिकचा तो फ्लॅट, बाबांचा रिकामा पलंग, आणि त्यावर ती. तिथे कोणाला तिचं नावसुद्धा माहीत नाही. इथे निदान चार बायांना माहीत आहे.

परतीची एस.टी. पकडली. शेजारची जागा रिकामी होती. मी पर्स तिथे ठेवली नाही.

९ डिसेंबर, सोमवार

चौघींच्या घरी गेले, कागद परत द्यायला. आनंदाबाईने दार लावून घेतलं. कुंताबाईने मुलांना आत पाठवलं आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. रुपा घरी नव्हती, किंवा होती.

सत्यभामाबाईने मला बसवलं, चहा दिला. कागदांना हात लावला नाही. म्हणाली, तिच्या माघं रडाले कोणी नव्हतं, म्हणून आमी तिले सोडलं. ते पाप आमचं हाये, आमी भोगू मेल्यावर. पण लेकरं मोठी होईस्तोवर आमाले जगा लागते.

मी म्हटलं, आणि मी?

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आई फिरवते तसा. नंतर म्हणाली, तुमीही कोणाले तरी देऊ शकता मॅडम. काढाचं आणि द्याचं. तुमीच तर शिकवलं.

१० डिसेंबर

काढलं. काढायचं नव्हतं. चार रेघांत उतरली. हात लांब. चेहरा मी भरला, कारण मी पाहिला आहे.

काढून झाल्यावर तशीच बसून होते. मावशी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, चित्र काढलं वाटते, दाखव पाहू, आणि हात पुढे केला.

मावशी एकट्या आहेत. मनाली महिन्यातून एकदा येते. हात पुढे होता. कागद माझ्या हातात. वीतभर अंतरावर. एवढंच करायचं होतं. त्यांनी घेतला असता, छान आहे म्हटलं असतं, आणि आज दुपारी माझी खोली—

ती पलंगावरून पाहत होती. पहिल्यांदाच माझ्याकडे.

कागद चुरगाळून तोंडात घातला. चावला. गिळला. मावशी घाबरल्या.

घशात चिखल.

११ डिसेंबर

मावशींना मनालीकडे जायला सांगितलं. भांडून सांगितलं. त्या म्हणाल्या, तुही चाल संगं. मी म्हटलं, बसमध्ये शेजारी जागा नसते. त्यांना कळलं नाही. मग वाईट बोलले त्यांना, म्हणजे त्या जाव्यात म्हणून. रडत गेल्या. जाताना भात झाकून ठेवला.

सगळे कागद चुलीत घातले. घर, झाड, माणूस. डोंगा. मी.

तीन वाजता आलीच. तिला कागद लागत नाहीत आता.

१२ डिसेंबर

आज दुपारी नाही, सकाळीच. जात नाही.

मी बोलले. गप्प बसवेना म्हणून. बाबांचं सांगितलं. शेवटच्या दिवशी त्यांनी हाक मारली होती, तीनदा, आणि मी स्वयंपाकघरात कानावर हात ठेवून उभी होते. पाच मिनिटं. फक्त पाच. गेले तेव्हा—

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. पदविकेच्या बाईंनाही सांगितलं नव्हतं, इथे या वहीत लिहिलं नव्हतं.

तिने ऐकलं. पूर्ण ऐकलं. मध्ये काही विचारलं नाही, काही लिहून घेतलं नाही.

नंतर म्हणाली, रुचिता.

फक्त नाव.

१३ डिसेंबर

प्रफुल्लचे फोन. उचलले नाहीत.

भात आंबला. भूक नाही. सतरंजी, गादी, वही, सगळं ओलं. पेन घसरतं.

ती आज बसली नाही. दारात उभी आहे, पाठ माझ्याकडे. पाण्याकडे बघते.

विचारलं, कुठे.

म्हणाली, घरी.

मी म्हटलं, मला पोहता येत नाही.

म्हणाली, मले तरी कोठं येत होतं.

ओरडले तर कोणी ऐकेल का. सगळे बांध्यांत. हसण्याचा आवाज येतो आहे लांबून, बायांचा. रुपाचा असेल. छान हसते.

भीती वाटते आहे. लिहून ठेवते, वाटते आहे. पण आठवडाभर जशी वाटत होती तशी नाही. तिला म्हटलं, एवढी ओळ पुरी करते. थांबली आहे. माझ्यासाठी कोणी थांबलं त्याला किती—

मावशी, तुमचा काही दोष

ती हाक मारते आहे. आले. प्रफुल्लला कळवायचं की त्या चौघींना काही विचारू नका, आणि माझ्या जागी कोणी एकटं माणूस पाठवू न